नवं दुखणं

सिंहस्थाचं वर्ष होतं. नाशकात साधूंचे आखाडे उतरले होते आणि फुलांना कधी नव्हे एवढी मागणी होती. मखमलाबादला लताबाईंचा मळा होता. झेंडू, बिजली आणि बांधाच्या कडेने थोडा गुलाब. उजाडायच्या आत तोडणी सुरू व्हायची आणि पाट्या भरल्या की त्यांचे यजमान, यादव, टेम्पोने फुलबाजार गाठायचे. त्या गडबडीत लताबाईंचं पोट फुगत चाललंय हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांना स्वतःला कळत होतं. परकराची नाडी सैल बांधावी लागत होती. अर्धी भाकरी खाल्ली की आणखी घास आत जात नव्हता. पण साधूंच्या स्नानाची शेवटची पर्वणी होऊन जाऊ दे, मग बघू, असं त्या मनाशी म्हणत राहिल्या.

खरं तर त्यांना भीती वाटत होती. सहा वर्षांपूर्वी, सत्त्याण्णव साली, त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, पाच वर्षं गोळ्या चालल्या आणि गोळ्या संपल्या तेव्हा सर्जन हसून म्हणाले होते, आता तुम्ही मोकळ्या. त्या दिवशी लताबाईंनी गल्लीत पेढे वाटले होते. ते पेढे खाल्लेल्या बायकांना आता काय सांगायचं, हाही एक विचार त्यांच्या मनात होता.

पर्वणी झाली आणि यादव त्यांना त्याच सर्जनकडे घेऊन गेले. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर गाठी दिसल्या, पोटात पाणी दिसलं. सर्जननी फिल्म उजेडाकडे धरली, जुने कागद चाळले आणि यादवांना बाहेरच्या बोळात नेऊन सांगितलं की जुनाच आजार पोटात पसरलाय. आता कापाकापी करून बाईंना त्रास देऊ नका. पाणी साचलं की काढून देऊ.

यादव मोजकं बोलणारे गृहस्थ. घरी येताना त्यांनी बायकोला सांगितलं की पोटाला सूज आहे, गोळ्या दिल्यात, बरं वाटेल. लताबाईंनी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवसापासून यादव सकाळी उठून स्वतः चहा करायला लागले आणि कप त्यांच्या अंथरुणाशी आणून ठेवायला लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात हे कधी झालं नव्हतं. लताबाईंना काय ते कळलं. मुलगी भाग्यश्री डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिला जवळ बसवून त्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी दाखवू लागल्या. कुठल्या डब्यात काय आहे, देवीचा नैवेद्य कसा करायचा, कुणाकडे लग्नाचा आहेर द्यायचा राहिलाय.

दसऱ्यानंतर त्यांची धाकटी बहीण छाया सिन्नरहून आली. छायाला लताबाईंची बहीण म्हणण्यापेक्षा लेक म्हटलं तरी चाललं असतं. ठाणगावला त्यांची आई गेली तेव्हा लताबाई नुकत्याच लग्न होऊन सासरी आल्या होत्या आणि छाया आठ वर्षांची होती. लताबाईंनी तिला आपल्याबरोबर मखमलाबादला आणलं, शाळेत घातलं, याच घराच्या अंगणात मांडव घालून तिचं लग्न लावून दिलं. तिचा नवरा भारत माळेगावच्या कारखान्यात फिटर होता, मुलगा साई दहावीला होता.

छाया आली, बहिणीकडे बघत उभी राहिली आणि मग तिने मागल्या दारी यादवांना गाठलं. यादवांनी सगळं सांगितलं. छायाने एवढंच विचारलं की गाठीचा तुकडा तपासलाय का. मागच्या वेळी तपासला होता.

"डॉक्टर म्हणले, गरज नाय. जुनाच हाय."

"दाजी, असं कसं सोडून द्यायचं?" छाया म्हणाली. "मी नाय सोडणार."

तिच्या जावेचं ऑपरेशन गंगापूर रोडच्या डॉ. कुलथेबाईंनी केलं होतं. दोन दिवसांत छायाने बहिणीला तिकडे नेलं. यादव मागून आले, पण त्यांच्या चेहऱ्यावर आशा नव्हती. बायकोला उगाच हिंडवतोय असंच त्यांना वाटत होतं.

डॉ. कुलथेंनी लताबाईंना तपासलं, जुने कागद शांतपणे वाचले आणि मग त्या लताबाईंकडेच बघून बोलल्या. आतापर्यंत या आजाराबद्दल लताबाईंशी थेट कुणी बोललं नव्हतं.

"लताबाई, छातीचा आजार अंडाशयात जातो हे खरं आहे. पण ज्या बाईला छातीचा आजार झालाय, तिला पुढे अंडाशयाचा वेगळा, नवा आजारही होऊ शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गाठी दिसतात, पाणी दिसतं. कुठला आहे हे आतल्या पेशी बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"त्यानं फरक काय पडतो, मॅडम?" यादवांनी विचारलं. "कॅन्सर तो कॅन्सरच."

"खूप पडतो. जुना पसरलेला असेल तर मी पोट उघडणार नाही, तुमचे डॉक्टर म्हणाले ते बरोबर. नवा असेल तर पोट उघडायलाच हवं. आणि आपले दोन महिने गेलेत."

पोटातलं पाणी काढलं, गाठीत सुई घालून तुकडा घेतला. सत्त्याण्णव सालच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून ठेवलेला होता. तो शरणपूर रोडच्या लॅबमध्ये अजून होता. लॅबच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला त्याच्या नव्याने काचा केल्या. जुनी काच आणि नवी काच शेजारी शेजारी ठेवून लॅबच्या दोघा डॉक्टरांनी बघितल्या. छातीतून निघालेल्या पेशी कुठेही जाऊन राहिल्या तरी बहुधा आपली मूळची ठेवण सोडत नाहीत. जुन्या काचेत त्या नळ्या आणि ओळी करून बसल्या होत्या. नव्या काचेत तसं काही नव्हतं. तिथे बारीक बोटांसारख्या शाखा फुटल्या होत्या आणि मधे मधे चुन्याचे खसखशीएवढेही नसतील असे गोल कण होते. ही ठेवण अंडाशयातल्या आजाराची. तरी लॅबच्या डॉक्टरांनी अंदाजावर सही केली नाही. खास रंग देऊन तपासायला तुकडा मुंबईला पाठवला.

दिवाळी त्या वाट बघण्यात गेली. छाया सिन्नरला जाऊन घरचा फराळ करून परत आली. उत्तर आलं तेव्हा डॉ. कुलथेंनी सगळ्यांना आत बोलावलं आणि त्या म्हणाल्या की हा जुना आजार नाही. छातीचा आजार बरा झाला होता तो झालाच होता. हा नवा आहे, अंडाशयाचा, आणि याला आपण उपचार करणार आहोत.

कॅन्सर आहे हे ऐकून कुणी हसल्याचं डॉ. कुलथेंनी क्वचितच पाहिलं असेल. लताबाई हसल्या. यादव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. छायाने बहिणीचा हात घट्ट धरला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेचना. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.

ऑपरेशन झालं. मग केमोची सलाईन सुरू झाली. केस गेले, तोंडाला चव राहिली नाही, पायाला मुंग्या यायच्या. पण पोट उतरलं. दोन सलाईन झाल्यावर लताबाई उन्हात खाट टाकून शेवंतीच्या गड्ड्या बांधायला लागल्या. प्रत्येक सलाईनला छाया यायची, चार दिवस राहायची, मऊ भात करून घालायची.

जानेवारीत एका तपासणीला फक्त लताबाई आणि यादव होते. डॉ. कुलथेंनी विचारलं की तुमच्या माहेरी कुणाला असं काही झालं होतं का. लताबाई आठवायला लागल्या. आईचं पोट फुगलं होतं. गावातले लोक करणी म्हणाले, कुणी जलोदर म्हणाले. वडिलांनी त्र्यंबकेश्वरला जाऊन शांती करून आणली होती, तरी आई पंचेचाळिशीच्या आतच गेली. मावशीच्या छातीला जखम झाली होती आणि ती भरलीच नाही.

डॉक्टरांनी हे कागदावर लिहून घेतलं. मग सांगितलं की एकाच बाईला दोन वेगळे आजार होतात आणि आईचंही असं असतं, तेव्हा कधी कधी ते रक्तातून आलेलं असतं. नक्की सांगणारी तपासणी इथे होत नाही. पण तुमच्या बहिणीला एकदा दाखवायला घेऊन या. मुलगी लहान आहे, तिलाही पुढे दर वर्षी तपासायला हवं.

परतीच्या वाटेवर रामवाडीच्या पुलापाशी लताबाईंनी रिक्षा थांबवायला सांगितली. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"जुनाच असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर गेला असता."

यादवांचं म्हणणं पडलं की हे कुणाला सांगायचं नाही. भाग्यश्रीला दिंडोरीचं स्थळ आलं होतं. मुलगा, किशोर, बँकेत होता, दोन्हीकडून पसंती होती. ही गोष्ट बाहेर गेली तर कोण उभं राहील दारात? लग्न होऊ दे, मग बघू. लताबाईंनी मुलीचं तेवढं कबूल केलं. छायाचं मात्र कबूल केलं नाही.

पुढच्या सलाईनला छाया आली तेव्हा, दुपारी ओट्यावर बसून, त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं: आईला हेच झालं होतं, मावशीला हेच, मला दोनदा, रक्तातच हाय आपल्या, तू दाखवून घे. छाया ऐकत होती. मग उठली आणि पदर खोचला.

"मला काय झालं नाय, आक्का," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

इतक्या कोरड्या आवाजात ती बहिणीशी कधी बोलली नव्हती. संध्याकाळच्या जीपने ती सिन्नरला गेली. पुढच्या सलाईनला आली नाही. फोन केला तर साईची परीक्षा आहे म्हणायची. परीक्षा संपल्यावर सासूचा पाय मोडला होता. नंतर तर भारतच फोन उचलायचा आणि ती बाहेर गेलीय म्हणून सांगायचा.

ज्येष्ठात लताबाईंची सलाईनं संपली. डोक्यावर बोटभर केस आले होते. यादवांना न सांगता त्या द्वारका चौकातून सिन्नरच्या जीपमध्ये बसल्या. छायाने दार उघडलं. ती वाळली होती, पोट मात्र पुढे आलं होतं. फळीवरचा साखरेचा डबा काढायला तिने उजवा हात वर केला. डावा अंगाशी धरून ठेवला होता. लताबाईंनी ते बघितलं. चहा घेतला. मग म्हणाल्या, लुगडं बदल, आपण आत्ताच निघायचं. या वेळी छाया नाही म्हणाली नाही. जीपमध्ये ती बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

सोनोग्राफीत तेच दिसलं. दोन्ही अंडाशयांवर गाठी, पोटात पाणी. लताबाईंना धक्का बसला, पण एक धीरही आला, कारण ही वाट त्यांच्या पायाखालची होती. बाकावर बसून त्या छायाला समजावत राहिल्या. माझ्यासारखंच हाय तुझं. पोट उघडतील, सलाईन देतील, केस जातील नि परत येतील. हे बघ, माझे आले का नाय? भारत शेजारी उभा राहून मान हलवत होता. छाया डावा हात अंगाशी धरून बसली होती.

डॉ. कुलथेंनी छायाला आत नेऊन पुन्हा तपासलं, या वेळी छातीही. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. डाव्या छातीत लिंबाएवढी घट्ट गाठ होती, काखेत आणखी दोन. दोन्हीकडचे तुकडे लॅबमध्ये गेले. मुंबईहून उत्तर यायला वेळ लागला, पण लॅबच्या डॉक्टरांना पहिल्याच नजरेत कळलं होतं. पोटातल्या काचेत बोटांसारख्या शाखा नव्हत्या, चुन्याचे कण नव्हते. छातीत होत्या तशाच पेशी, तशाच ओळी.

"हिचा छातीतून आलाय," डॉ. कुलथे म्हणाल्या.

लताबाईंना वाटलं, आपल्याला नीट समजलं नाही.

"माझंबी आधी तसंच म्हणले होते, मॅडम. मग नवं निघालं. तुम्हीच तर काढलं शोधून."

"हो. तसंच हिचंही शोधलं. पण हिचं नवं नाही, लताबाई. अंडाशयाच्या गाठी छातीच्याच आहेत. पोट उघडून उपयोग नाही. औषधं देऊ, त्रास कमी करू."

एकाच घरातल्या दोघी, एकाच जागी गाठी, आणि एकीला मिळालं ते दुसरीला द्यायला डॉक्टरांकडे नव्हतं. लताबाईंना ते समजत होतं, पण पटत नव्हतं. त्या बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत.

छायाला त्यांनी मखमलाबादलाच ठेवून घेतलं. सासू आजारी, साई अकरावीत. भारतने विरोध केला नाही. तो रविवारी यायचा, बायकोचे पाय चेपत बसायचा. औषधांनी सुरुवातीला थोडा आराम पडला. गणपतीच्या दिवसांत एका सकाळी दोघी बहिणी मळ्याकडेच्या खोलीत बसल्या होत्या. बाहेर यादव आणि भाग्यश्री झेंडू तोडत होते. छाया भिंतीला टेकून होती. ती आपणहून बोलायला लागली.

"आक्का, तुला कुलथेबाईकडं नेलं ना, तवाच मला गाठ लागली होती."

लताबाईंनी हातातलं चहाचं पातेलं खाली ठेवलं.

"आंघोळ करताना लागली. दसऱ्याच्या आधी. मनात म्हणलं, आक्काचं काय होतं ते बघू. आक्का वाचली तर आपणबी दाखवू."

"वाचले ना मी. मग?"

"तुझं नवं निघालं तवा वाटलं, आता जाते नि दाखवते. तुझ्या दोन सलाईन होऊ दे, म्हणलं, तुझ्याकडं बघायला कोण हाय. मग तू त्या दिवशी ओट्यावर सांगितलंस, आईला हेच, मावशीला हेच, रक्तातच हाय." छायाने डोळे मिटले. "मग वाटलं, रक्तातच हाय तर दाखवून काय करायचं."

लताबाई तिच्याजवळ सरकल्या. मला सांगायचं होतंस, असं त्या म्हणाल्या नाहीत, मी सांगायला नको होतं असंही म्हणाल्या नाहीत. छायाला आठ वर्षांची असताना घेऊन बसायच्या तसं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेरून भाग्यश्रीने हाक मारली, आई, चहा झाला का. थोड्या वेळाने भाग्यश्री आत आली, दोघींना बघून मागे फिरली आणि स्वतःच चुलीपाशी गेली.

छाया संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात गेली. तिने सिन्नरला नेऊ दिलं नाही. साईने अग्नी दिला.

तेरावं झाल्यावर लताबाईंनी एक गोष्ट ठरवली आणि यादवांना सांगितली. परवानगी मागितली नाही. भाग्यश्रीला त्या डॉ. कुलथेंकडे घेऊन गेल्या. ओट्यावर बसून एका दमात सांगायचं नाही, हे त्या शिकल्या होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, तुम्ही सांगा हिला, सगळं सांगा, काय होऊ शकतं आणि काय करता येतं, दोन्ही. भाग्यश्रीने तासभर प्रश्न विचारले. तिने आईला विचारलं नाही ते सगळं तिने डॉक्टरांना विचारलं. शेवटी विचारलं की लग्न करावं का. डॉ. कुलथे म्हणाल्या, का नाही? मुलं लवकर होऊ दे, चाळिशीच्या आत अंडाशय काढून टाकू. तोवर दर वर्षी माझ्याकडे.

घरातल्या आजारपणामुळे दिंडोरीचं लग्न लांबलं होतं. भाग्यश्रीने किशोरला हे सगळं स्वतः सांगितलं. आठ-दहा दिवसांनी त्याच्या मामांनी निरोप पाठवला की पत्रिका पुन्हा बघितली, जमत नाही. यादव त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्यांनी लताबाईंशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. लताबाईंनी ते सोसलं. मुलीने आईला दोष दिला नाही, पण एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली, "मावशीला असं नेलं असतंस तर?" आणि लगेच आत निघून गेली. तो प्रश्न लताबाईंनी स्वतःला अनेकदा विचारला होता. डॉ. कुलथेंनाही विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, तेव्हाही पोटात पोचला असेल की नसेल, आता कुणालाच सांगता येणार नाही.

लताबाईंचा आजार दोन हजार सहाच्या पावसाळ्यात उलटला. या वेळी तपासायचं काही नव्हतं. नव्याचाच जुना झाला होता. पुन्हा सलाईन घेतली, पण शरीराने साथ दिली नाही. शेवटच्या दिवसांत यादव पुन्हा सकाळचा चहा करायला लागले होते. एकदा कप हातात देताना ते म्हणाले, "पोरीला सांगितलंस ते बरं केलंस." लताबाईंनी त्यातला एक घोट घेतला. पुढल्या वर्षी होळीच्या सुमाराला त्या गेल्या.

भाग्यश्री पेठ रोडच्या एका शाळेत शिकवते. सटाण्याच्या एका शिक्षकाशी तिने लग्न केलं, सगळं आधी सांगून. त्यांना एक मुलगी आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती डॉ. कुलथेंकडे जाते. दोन हजार नऊ साली ती गेली तेव्हा साई तिच्याबरोबर होता, गाडी चालवायला. तपासणीत काही निघालं नाही. बाहेर आल्यावर तिने त्याला तसं सांगितलं. तो बरं म्हणाला आणि दोघं गाडीत बसले. त्याच्या आईला याच दारातून आणलं तेव्हा उशीर झाला होता, ते दोघांनाही आठवत होतं. गाडी कुणीच सुरू केली नाही.